मैदानाच्या शोधात निकरबॉकर

न्यूयॉर्कच्या निकरबॉकर बेसबॉल क्लबची स्थापना २३ सप्टेंबर १८४५ रोजी झाली, असे क्लबचे दप्तर सांगते. खेळ त्याच्या आधीपासून चालू होता. निदान तीन वर्षे तरी ही मंडळी कुठल्या ना कुठल्या मोकळ्या तुकड्यावर बॅट-चेंडू घेऊन जमत होती. तेव्हा ना घटना होती, ना वर्गणी, ना अध्यक्ष. हे सगळे उभे करावे लागले ते हातची जागा जाऊ लागली म्हणून. फुकटच्या जागेत चार मित्र जमून खेळू शकतात. भाड्याची जागा घ्यायची, तिचे पैसे वेळेवर भरायचे आणि जमीनमालकाशी बोलायचे, तर संस्था लागते. क्रीडासंस्थेच्या इतिहासात स्थापनेमागचे उदात्त हेतू लिहिण्याची आपल्याकडे प्रथा आहे. निकरबॉकरचा हेतू भाडे भरणे हा होता.

हडसन नदीच्या अलीकडे राहणाऱ्या आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारसाठी हिवाळ्यातच नगरपालिकेकडे मैदानाचे अर्ज टाकणाऱ्या आपल्या मंडळींच्या स्मरणिकेत या परक्या, कधीच्या बंद पडलेल्या क्लबचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. संपादक मंडळाने ‘आपल्या परिसरातली जुनी क्रीडासंस्था’ असा विषय दिला तेव्हा मलाही आधी हेच वाटले. पण निकरबॉकर आणि त्याच्या पुढाकाराने झालेली हौशी क्लबांची संघटना यांचा पहिल्या पंचवीस वर्षांचा इतिहास वाचत गेलो, तसतसे सामने आणि धावा बाजूला पडल्या आणि पानोपानी एकच विषय समोर येत राहिला: खेळायचे कुठे?

मॅनहॅटनमध्ये मैदान ठेवायचे कोणाला सुचलेच नव्हते, असे मात्र नाही. कागदावर ते होते. १८११ साली बेटाचा जो आराखडा झाला, सरळ उभ्या-आडव्या रस्त्यांचा, आजही दिसतो तो, त्यात २३व्या रस्त्यापासून ३४व्यापर्यंत सुमारे २४० एकरांची एक ‘परेड’ राखून ठेवली होती. हेतू लष्करी कवायतीचा, पण मोकळी जागा ती मोकळीच. जमिनीचे भाव चढले तशी ही परेड आकसत गेली. तीनच वर्षांत तिचे ९० एकरांच्या आसपास उरले, आणि १८४७ साली मॅडिसन स्क्वेअर या नावाने जी बाग लोकांना खुली झाली ती सात एकरांच्याही आत. आरक्षित भूखंडाचे पुढे काय होते हे मराठी वाचकाला सविस्तर सांगायला नको.

या परेडच्या उरल्यासुरल्या भागात, २७व्या रस्त्यावरच्या एका तुकड्यावर, १८४२-४३ मध्ये ही मंडळी खेळू लागली. बँकेतले कारकून, दलाल, व्यापारी, एखाद-दुसरा डॉक्टर. दुपारी तीनच्या सुमाराला मोकळे होणारे लोक. चार्ल्स पेव्हरेली याने १८६६ साली अमेरिकेतल्या खेळांवर जे पुस्तक लिहिले, त्यात त्या दिवसांची हकीकत आहे. हवा चांगली असली की सकाळीच दोघे-तिघे ओळखीच्यांकडे फेरी मारत आणि डाव जमेल इतके गडी गोळा करत. पुढे ती जागा हार्लेम रेल्वेच्या डेपोखाली गेली. मग मंडळी जरा उत्तरेला, मरे हिलच्या उतारावर सरकली. एका बाजूला रेल्वेसाठी खोदलेली चर, दुसऱ्या बाजूला थर्ड अव्हेन्यू, आणि मधला उतार हे मैदान. तिथेही आपण फार दिवस टिकत नाही, हे सगळ्यांना दिसत होते. शहर उत्तरेकडे वाढत होते आणि खेळणारे त्याच्या पुढे पुढे पळत होते.

१८४५ च्या वसंतात अलेक्झांडर कार्टराइट याने रीतसर क्लब काढण्याची सूचना मांडली. हा एका बँकेत नोकरीला होता आणि फावल्या वेळात आगीच्या बंबावर स्वयंसेवक. त्याच्याबरोबर डंकन करी, विल्यम व्हीटन, विल्यम टकर वगैरे सभासद गोळा करायला निघाले. त्यानंतरच्या एका प्राथमिक बैठकीत आणखी एक सूचना आली, आणि माझ्या मते क्लबच्या इतिहासात तिचे महत्त्व पहिलीइतकेच आहे: मरे हिलवरून हुसकून लावायच्या आत आपणच नदीपलीकडे, न्यू जर्सीत, कायमची जागा पाहावी. एक-दोन दिवसांतच डाव जमेल इतके लोक बार्कले स्ट्रीटच्या धक्क्यावर आले, फेरीबोटीत बसले, पलीकडे उतरले आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या जमिनी न्याहाळत नदीकाठाने चालत राहिले. शेवटी होबोकेन गावच्या एलिसियन फील्ड्स नावाच्या हिरवळीवर येऊन थांबले. बॅटी बरोबर, चेंडू बरोबर, खेळायला गडी पुरेसे, आणि मैदान तेवढे शोधायचे आहे, असा हा काफिला. संस्थेची पहिली ‘जागा पाहणी समिती’ म्हणायला हरकत नाही.

ही जागा होती स्टीव्हन्स घराण्याची. कर्नल जॉन स्टीव्हन्स याने १७८४ साली होबोकेनची जमीन लिलावात घेतली होती. आधीचा मालक इंग्रजांच्या बाजूचा, म्हणून ती सरकारजमा झाली होती. स्टीव्हन्स यंत्रांच्या नादाचा माणूस. वाफेच्या बोटी त्याने बांधल्या, १८२५ साली याच होबोकेनच्या आवारात गोल रुळावर वाफेचे इंजिनही फिरवून दाखवले. पण घराण्याचे रोजचे उत्पन्न होते फेरीबोटींवर, आणि फेरीबोट भरायची तर माणसाला नदी ओलांडून येण्याचे काही कारण हवे. म्हणून नदीकाठची फिरण्याची वाट, झाडी, हिरवळ, खाण्यापिण्याची सोय. गर्दीने, धुराने आणि साथींनी कावलेल्या न्यूयॉर्ककरांना पंधरा मिनिटांत गावाबाहेर आल्यासारखे वाटावे, अशी सगळी व्यवस्था. बेसबॉलवाले आले ते मालकाच्या पथ्यावरच पडले. प्रत्येक गडी जाता-येता तिकीट काढणारच. मैदान आणि कपडे बदलायची खोली मिळून भाडे ठरले वर्षाला ७५ डॉलर. सभासदाची वार्षिक वर्गणी ५ डॉलर होती. म्हणजे पंधरा जणांची वर्गणी जमीनमालकाच्या खिशात गेली की मग चेंडूचा विचार.

क्लबने त्या सप्टेंबरात वीस नियम छापले. हे नियम बेसबॉलच्या जन्माचा दाखला म्हणून दाखवले जातात, पण मला त्यांत मैदान दिसते. अगदी पहिला नियम खेळाचा नाहीच: ठरल्या वेळी सभासदांनी हजर राहावे. नदी ओलांडून यायचे, बोटीच्या वेळा सांभाळायच्या, आणि काळोखाच्या आत परतायचे, तर उशिरा येणारा सगळ्यांचाच दिवस नासवतो. पुरेसे सभासद नसतील तर हजर असलेल्या बाहेरच्या सद्गृहस्थांना घेऊन डाव पुरा करावा, अशीही सोय नियमात आहे. खेळाच्या अंगाने पाहायचे तर दहावा नियम महत्त्वाचा: पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या कक्षेबाहेर मारलेला चेंडू फाउल. जुन्या चेंडूफळीच्या प्रकारांत चारी दिशांना मारायची मुभा असे, त्यामुळे चारी दिशांना माणसे उभी करावी लागत आणि चारी दिशांना जागा लागे. आता खेळ एका कोनात बसला. मागे झाडी असो, नदी असो, की बाकावर बसलेली मंडळी असोत, चालून जाते. विसावा नियम तर सरळसरळ हद्दीबद्दल आहे: मारलेला चेंडू टप्पा घेऊन मैदानाबाहेर गेला तर एकच बेस मिळेल. ज्याला मैदानाच्या कडेला दुसऱ्याची मालमत्ता आहे हे ठाऊक आहे, त्याने केलेला हा नियम आहे.

६ ऑक्टोबर १८४५ ची नोंद क्लबच्या वहीत आहे. दोन्हीकडे सात-सात गडी, तीन डाव, ११ विरुद्ध ८. पंच व्हीटन. बाहेरच्या संघाशी नावाजलेला पहिला सामना १९ जून १८४६ चा, न्यूयॉर्क नावाच्या संघाशी. चार डावांत निकरबॉकर २३-१ असे सडकून हरले. त्याच दिवशीच्या नोंदीत डेव्हिस नावाच्या खेळाडूला शिवी दिल्याबद्दल ६ सेंट दंड झाल्याचे लिहिले आहे. सही-शिक्क्याच्या सभ्यतेचा हा क्लब. पंचाने निर्णय देण्याआधी मत व्यक्त केले तरी दंड होई. या वह्या आता न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत, आणि ती इमारत मरे हिलच्याच कडेला, जुन्या जलाशयाच्या जागी उभी आहे. ज्या भागातून हुसकले जाण्याच्या भीतीने मंडळी पळाली, तिथेच त्यांचे दप्तर शेवटी मुक्कामाला आले.

कायमची जागा मिळाली म्हणून सगळे सुरळीत झाले असे नाही. डॅनियल ॲडम्स हा डॉक्टर, सगळ्यांचा ‘डॉक’, स्थापनेनंतर महिन्याभरात सभासद झाला आणि पुढे अध्यक्षही. म्हातारपणी, १८९६ साली, एका मुलाखतीत त्याने सांगितले की अनेकदा तो होबोकेनला जाई आणि तिथे दोन-तीनच सभासद आलेले असत; मग दोघा-तिघांत खेळता येईल असा पोरांचा खेळ खेळून परतायचे. चेंडू तो स्वतः शिवत असे, बॅटी घडवून घेताना सुताराजवळ स्वतः उभा राहत असे. असा एक माणूस प्रत्येक संस्थेत असतो आणि संस्था त्याच्याच जिवावर चालते. कार्टराइट १८४९ साली सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाकडे गेला, तिथून हवाईला, आणि होनोलुलूच्या अग्निशामक दलाचा प्रमुख झाला. नाव त्याचे झाले. पण बोटी गाठून, रिकाम्या मैदानावर वाट पाहत, क्लब दीड दशक सांभाळला तो ॲडम्सने, असे माझे मत झाले आहे.

१८५० नंतर उलट अडचण सुरू झाली. रिकाम्या मैदानाऐवजी भरलेले मैदान. ईगल, एम्पायर, गॉथम असे नवे क्लब निघाले आणि त्यांच्यातले बरेचसे होबोकेनलाच आले. निकरबॉकरचे सरावाचे वार सोमवार आणि गुरुवार. उरलेले वार इतरांचे. वाटून घेणे भाग होते. त्यात शेजारी क्रिकेटवाले. आपल्या क्रिकेटप्रेमी वाचकांनी हे लक्षात ठेवावे की तेव्हा या भागात क्रिकेटच वरचढ होते. सेंट जॉर्ज क्लबच्या मॅनहॅटनमधल्या मैदानावर सप्टेंबर १८४४ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्यात सामना झाला, तो दोन देशांमधला पहिला क्रिकेट सामना मानला जातो. तेही मैदान शहराने गिळले. क्लब आधी हार्लेमला आणि मग नदी ओलांडून होबोकेनला आला. ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉर्ज पारचा इंग्लंडचा संघ अमेरिकेत आला तेव्हा न्यूयॉर्ककडचा सामना होबोकेनलाच खेळला. चेंडू लाकडी फळीने मारा की गोल दांड्याने, बिल्डरला फरक पडत नव्हता.

१८५७ च्या जानेवारीत न्यूयॉर्क-ब्रुकलिन परिसरातले सोळा क्लब एकत्र बसले. अध्यक्षस्थानी डॉक ॲडम्स. या सभेत बेसबॉलचे आजचे रूप ठरले: नऊ डाव, नऊ गडी, दोन बेसमध्ये ९० फुटांचे अंतर. इतिहासकार इथेच थांबतात. सभेपुढे आणखी एक विषय होता, तो म्हणजे नव्या सेंट्रल पार्कमध्ये बेसबॉलसाठी जागा मागण्याचा. त्यासाठी समितीही नेमली गेली. मागणी वावगी नव्हती. ज्या पार्कसाठी शेकडो एकर जमीन शहर सार्वजनिक पैशाने घेत होते, ज्यासाठी सेनेका व्हिलेजमधल्या कृष्णवर्णीयांची घरे आणि चर्च उठवली जात होती, त्या पार्कमध्ये खेळाला एक कोपरा मागणे फार नाही. त्याच साली पार्कच्या रचनेसाठी स्पर्धा जाहीर झाली, तिच्या अटींत तीन ते दहा एकरांची तीन क्रीडांगणे असावीत, असे लिहिलेले होते.

स्पर्धा जिंकली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी. नकाशात त्यांनी क्रीडांगणे दाखवली. पण ओल्मस्टेडच्या लेखी हिरवळ ही शहरी माणसाच्या मनाला विसावा देण्यासाठी, पाहण्यासाठी होती. पार्कच्या आयुक्तांची अडचण वेगळी: एका क्लबला परवानगी दिली तर बाकीच्यांना नाही कशी म्हणणार, आणि सामना म्हटला की गर्दी, पैजा, आरडाओरडा आणि गवताची माती. क्लबांना नकार मिळाला. काही वर्षांनी शाळकरी मुलांना ठरावीक दिवशी खेळायला मिळू लागले, तेही शाळेतल्या हजेरीचा आणि वर्तणुकीचा मास्तरांचा दाखला आणला तर. खेळायला चांगल्या चालीचा दाखला! मोठ्यांच्या क्लबांसाठी मात्र पार्कचे दरवाजे बंदच राहिले. आज त्याच पार्कच्या नॉर्थ मेडोवर बेसबॉल-सॉफ्टबॉलची बारा मैदाने आहेत. पण ते फार पुढचे.

मार्च १८५८ मध्ये संघटनेला रीतसर रूप आले: नॅशनल असोसिएशन ऑफ बेस बॉल प्लेयर्स. नाव राष्ट्रीय, क्लब सगळे न्यूयॉर्कच्या आसपासचे. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन यांच्यातल्या निवडक खेळाडूंचे तीन सामने ठरले. कुठे खेळायचे? न्यूयॉर्कच्या मैदानावर ब्रुकलिनवाले येईनात, ब्रुकलिनच्या मैदानावर न्यूयॉर्कवाले. शेवटी क्वीन्समधले फॅशन नावाचे घोड्यांच्या शर्यतीचे आवार घेतले. ते भाड्याने घ्यायचे, साफसूफ करायचे, तर खर्च आला, म्हणून तिकीट लावले. बेसबॉल पाहायला पैसे घेण्याची ही पहिली वेळ मानतात. खर्च भागून जे उरले ते दोन्ही शहरांच्या अग्निशामक दलांच्या विधवा-अनाथ निधीला दिले. न्यूयॉर्कने तीनपैकी दोन सामने जिंकले. तिकीट काढून लोक येतात, ही गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली.

ब्रुकलिन तेव्हा वेगळे शहर होते, न्यूयॉर्कमध्ये ते विलीन झाले १८९८ साली, आणि तिथे अजून मोकळ्या जमिनी होत्या. त्यामुळे अटलांटिक, एक्सेलसियर, एकफर्ड असे दणकट क्लब तिथे वाढले, आणि १८६० पर्यंत खेळाचे केंद्र होबोकेनहून तिकडे सरकले. त्यातले एकफर्ड हे गोदीत काम करणाऱ्या सुतार-कारागिरांचे. त्यांना दुपारी तीनला सुटी मिळत नसे, आणि नदीपलीकडे भाडे भरून जाणे परवडतही नसे. घराजवळ मैदान मिळाले म्हणूनच असा क्लब होऊ शकला. होबोकेनच्या इतिहासात ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

१८६२ साली तिथे विल्यम कॅमेयर नावाचा माणूस पुढे आला. विल्यम्सबर्गमध्ये त्याचे एक तळे होते. हिवाळ्यात ते गोठले की बर्फावर घसरण्यासाठी लोक पैसे देऊन येत. उन्हाळ्यात तळ्याचा काही उपयोग नव्हता. कॅमेयरने पाणी काढून टाकले, तळ भरून सपाट केला, हिरवळ केली, क्लबांसाठी खोली बांधली, बायकांसाठी वेगळी बाके टाकली, आणि सभोवार माणसाच्या उंचीपेक्षा वर जाईल असे फळ्यांचे कुंपण घातले. १५ मे रोजी युनियन ग्राउंड्सचे उद्घाटन झाले, बँड वाजला. क्लबांना त्याने जागा फुकट दिली. भाडे नाही, वर्गणीतून काही काढायला नको. त्याने फक्त दारावर दहा सेंट घ्यायचे ठेवले.

इतकी वर्षे जागेसाठी वणवण केलेल्या क्लबांना हे स्वप्नवत वाटले असेल. व्यवहार मात्र उलटा झाला होता. स्टीव्हन्सला खेळणारे हवे होते, कारण तेच बोटीचे गिऱ्हाईक. कॅमेयरला बघणारे हवे होते. ज्या सामन्याला माणसे येत नाहीत त्याला कुंपणाच्या आत काय जागा? दोन वर्षांत बेडफर्डमध्ये कॅपिटोलिन ग्राउंड्स उभे राहिले. तेही असेच, हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात बेसबॉल. मग क्लब म्हणू लागले की गर्दी आमच्यामुळे येते, तर गल्ल्यात आमचाही वाटा हवा. वाटा मिळू लागला, आणि खेळाडू म्हणू लागले की गर्दी आमच्यामुळे येते. संघटनेने १८५९ पासून खेळाडूला पैसे देण्यावर बंदी घातली होती. ती कागदावर राहिली. टेबलाखालून पाकिटे फिरू लागली, चांगल्या पिचरला कुठेतरी कारकुनाची नोकरी मिळू लागली. व्यावसायिक बेसबॉलचा उगम सांगताना १८६९ च्या सिनसिनाटी संघाचे नाव घेतात; मी तो कॅमेयरच्या फळ्यांपाशी शोधीन.

हे सगळे ज्यांना निदान अर्ज करता येत होता त्यांचे झाले. कृष्णवर्णीयांचे क्लबही याच काळात खेळत होते. वीक्सव्हिलचा ‘अननोन’ आणि ब्रुकलिनचा ‘मॉनिटर’ यांचा ऑक्टोबर १८६२ मधला सामना वर्तमानपत्रात आला तो चेष्टेच्या सुरात, आणि तोही झाला एका बर्फाच्या तळ्याच्या आवारात. फिलाडेल्फियाचा पिथियन हाही कृष्णवर्णीयांचाच क्लब, ऑक्टेव्हियस कॅटो या शिक्षकाने बांधलेला. डिसेंबर १८६७ मध्ये संघटनेचे अधिवेशन फिलाडेल्फियातच भरले. ज्या क्लबात एक जरी कृष्णवर्णीय असेल त्याला सभासद करून घेऊ नये, असे तिथे ठरले. निकरबॉकरच्या पुढाकाराने सुरू झालेल्या, दोनशेवर क्लबांच्या संघटनेचा हा निर्णय आहे. इतिहास लिहायचा तर तोही लिहिला पाहिजे.

फिलाडेल्फियातच ऑलिम्पिक नावाचा क्लब होता, निकरबॉकरहून बारा वर्षांनी जुना. शहरात खेळायला अडचण, म्हणून तिथले खेळाडू १८३० च्या दशकात डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला जात. पूर्व किनाऱ्याच्या या भागात खेळायचे म्हणजे नदी ओलांडून जर्सीत जायचे, असा जणू रिवाजच. पिथियनचेही काही सामने कॅम्डेनला झाले. ३ सप्टेंबर १८६९ रोजी याच ऑलिम्पिकने पिथियनशी सामना खेळला. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय संघांमधला हा नोंद झालेला पहिला सामना. ऑलिम्पिकने तो ४४-२३ असा जिंकला. कॅटो दोन वर्षांनी, निवडणुकीच्या दिवशी झालेल्या दंगलीत, गोळी घालून मारला गेला.

बोस्टनकरांनी जागेचा प्रश्न वेगळ्याच वाटेने सोडवला, तो थोडक्यात सांगतो, कारण मला त्याचे कौतुक वाटते. १८६९ साली बोस्टन कॉमनवर बेसबॉल खेळायला बंदी आली. खेळणाऱ्यांनी निवेदने देत न बसता डिसेंबरच्या नगरपालिका निवडणुकीत आपल्या बाजूच्या उमेदवारांच्या मतपत्रिका छापल्या आणि त्यांवर लाल चेंडूचे चित्र टाकले. ‘रेड बॉल’ तिकीट म्हणून ती गाजली, आणि बंदी उठली.

न्यूयॉर्कमध्ये गोष्टी त्या थराला गेल्या नाहीत. १८७० च्या अखेरीस संघटनेचे शेवटचे अधिवेशन झाले. पैसे घेणारे आणि न घेणारे यांना एका छताखाली राहणे अशक्य झाले होते. १६ मार्च १८७१ रोजी हौशी क्लब ब्रुकलिनला एक्सेलसियरच्या जागेत जमले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. दुसऱ्याच दिवशी ब्रॉडवेवरच्या एका मद्यगृहात व्यावसायिकांची संघटना निघाली. निकरबॉकर अर्थातच हौशींबरोबर गेले. सभ्य माणसांची ही संघटना तीन वर्षांत विरून गेली. तिच्याजवळ नियम होते, परंपरा होती, जुनी नावे होती. कुंपण घातलेले मैदान नव्हते आणि ते मिळवण्याइतका गल्लाही नव्हता.

एलिसियन फील्ड्सही त्याच दशकात संपली. खेळणाऱ्यांवर मालकाचा राग नव्हता. फेरीबोटीच्या तिकिटापेक्षा घरांच्या प्लॉटांना आता जास्त भाव होता, इतकेच. हिरवळीवरून रस्ते गेले, घरे आली, पुढे १९३९ साली नदीकाठी मॅक्सवेल हाउसचा कॉफीचा भला मोठा कारखाना उभा राहिला. तो १९९२ साली बंद झाला आणि तिथे महागडी सदनिका-संकुले झाली. जुन्या जमिनीचा एक लहानसा तुकडा एलिसियन पार्क या नावाने शिल्लक आहे, आणि वॉशिंग्टन स्ट्रीट आणि अकराव्या रस्त्याच्या चौकात बेसबॉलची आठवण म्हणून पाटी आहे. याउलट ज्या कूपर्सटाउन खेड्यात बेसबॉल जन्मल्याची कथा १९०७ साली एका समितीने ग्राह्य धरली आणि नंतर कोणी अभ्यासकाने मानली नाही, तिथे मोठे संग्रहालय आहे. होबोकेनकर अजून त्यावरून चिडतात, आणि बरोबर चिडतात. निकरबॉकर क्लब १८८२ पर्यंत तग धरून होता. तोवर त्याचे जुने प्रतिस्पर्धी बहुतेक गेले होते आणि व्यावसायिक संघांना मॅनहॅटनमध्ये पहिले कुंपणाचे मैदान मिळाले होते. ते होते पोलोचे आवार, ११०व्या रस्त्यापाशी. तिथूनही नऊ वर्षांत रस्ता गेला.

हौशी खेळाडूंची सोय शेवटी ज्याने केली, त्याचे नाव वाचून हसू येते. सेंट्रल पार्कनंतर ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांना ब्रुकलिनने प्रॉस्पेक्ट पार्क रचायला दिले. तिथेही त्यांना आपल्या लांबच लांब हिरवळीवर कोणी कवायत करायला किंवा चेंडू मारायला नको होते. पण या वेळी त्यांनी नुसते नाही म्हटले नाही. पार्कच्या दक्षिणेला, रस्ता ओलांडून, सुमारे चाळीस एकरांची सपाट जमीन वेगळी काढली. नाव परेड ग्राउंड. १८११ च्या आराखड्यातली परेड नाहीशी झाल्यावर पन्नास-साठ वर्षांनी ब्रुकलिनमध्ये नागरी पैशाने झालेली ही दुसरी. सैनिक तिथे क्वचित आले. बेसबॉलवाले पहिल्यापासून आले आणि हटले नाहीत. विसाव्या शतकात सँडी कोफॅक्स, जो टोरी यांच्यासारखे खेळाडू पोरवयात याच मैदानावर हौशी लीगमध्ये खेळले. आजही ते मैदान शहराच्या उद्यान खात्याकडे आहे. वसंतातल्या मोसमासाठी थंडीत अर्ज घेतले जातात, बेसबॉल, सॉकर, क्रिकेट अशा सगळ्यांचे, आणि मागच्या वर्षी ज्याच्याकडे जो वार होता तो यंदाही मिळावा म्हणून जुने क्लब पहिल्याच दिवशी अर्ज करून मोकळे होतात.